छायाचित्राचा संस्कार

गेल्या माघांत आमच्या घरीं धाकट्या नातवाची मुंज झाली. छायाचित्रें काढण्याचें काम थोरल्या नातवानें आपण होऊन अंगावर घेतलें. उजेड नीट पाहून घे, असें आम्हीं सुचवितांच तो हंसून म्हणाला, "आजोबा, मी रॉ फाइल घेतों आहें, मागाहून संगणकावर सारें सांवरतां येतें." आम्ही उगी राहिलों.

पुढें चैत्रांत आमच्या थोरल्या वहिनी निवर्तल्या. त्यांचें अलीकडचें छायाचित्र शोधूं गेलों, तों मुंजींतलीं दोनच निघालीं. एक माजघरांतलें, अगदीं काळोखें. दुसरें अंगणांत बटूच्या झोळींत भिक्षा घालतांनाचें, आणि त्यांत भर उन्हानें चेहरा कोऱ्या कागदासारखा पांढरा पडलेला. नातू रात्रभर संगणकापुढें बसला. पहांटे माजघरांतल्या वहिनी दिसूं लागल्या. किंचित् रवाळ, पण ओळखूं येणाऱ्या. अंगणांतल्या मात्र कांहीं केल्या दिसेनात. त्या वेळीं त्या हंसत होत्या, असें सूनबाई सांगतात.

असें कां व्हावें? रॉ फाइल म्हणजे कॅमेऱ्यांतील प्रकाशग्राहकानें टिपलेली, संस्कार न झालेली नोंद. नेहमींच्या जेपेग चित्रांत प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात; १४ बिटांच्या रॉ नोंदींत १६,३८४. म्हणून सांवलींत दडलेला तपशील तींतून बराचसा वर काढतां येतो. परंतु ग्राहकाचा प्रत्येक बिंदु हें एक लहानसें भांडें समजावें. तें भरून वाहूं लागलें, म्हणजे वरून किती प्रकाश सांडला याची नोंद राहत नाहीं. कृत्रिम बुद्धीकडून त्या जागीं नवा चेहरा रंगवून घेतां येईल. पण तो आमच्या वहिनींचा नव्हे.

यावरून मागाहूनचा संस्कार म्हणजे लबाडी, असें कोणी म्हणेल तर तेंहि आम्हांस मान्य नाहीं. अमेरिकेंतील विख्यात छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स यांनीं १ नोव्हेंबर १९४१ रोजीं न्यू मेक्सिकोंतील हर्नांडेझ गांवावरचा चंद्रोदय टिपला. प्रकाशमापक हातीं लागेना. तेव्हां चंद्राच्या तेजाचा ठाऊक असलेला आंकडा स्मरून त्यांनीं मनांतच हिशेब केला. दुसरी प्रत घेण्यापूर्वींच स्मशानांतील क्रुसांवरचें ऊन गेलें. हें झालें कॅमेऱ्याचें कौशल्य. पण त्याच ॲडम्स यांनीं १९४८ सालीं त्या मूळ फिल्मचा खालचा फिकट भाग रसायनानें गडद केला, आणि पुढें अनेक वर्षें छापतांना आकाश अधिकाधिक काळें करीत नेलें.

संस्काराचीं दोन कार्यें आमचे शास्त्रकार सांगतात: दोष दूर करणें व गुण घालणें. मात्र दोहोंसहि संस्कार करण्याजोगी वस्तु आधीं हवी. तेव्हां घरोघरच्या तरुणांनीं रॉ फाइल अवश्य ठेवावी. परंतु कळ दाबण्यापूर्वीं चेहऱ्यावरचा उजेड फार तर होत नाहीं ना, आणि नजर डोळ्यांवर नीट बसली आहे ना, एवढें पाहावें. मुंज दुसऱ्यांदा लागत नाहीं.

माजघरांतलें चित्र आम्हीं चौकटींत बसवून ओसरीवर लाविलें आहे. नातू हल्लीं घरांत कोणाचेंहि छायाचित्र घ्यावयाचें झाल्यास आधीं त्यास उन्हांतून सांवलींत बोलावितो. आम्ही कांहीं विचारीत नाहीं.