बंदूक कोणती, हा दुसरा प्रश्न आहे



पवनीच्या बैठकीत कापसाच्या भावावर बोलायचे ठरले होते. पण तीन तासांतले दोन तास रानडुकरांवर गेले. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्याच्या कडेची गावे असोत की तिथून वीस कोस दूरची, तक्रार एकच. ज्वारी निसवली की डुक्कर, तूर शेंगेवर आली की रोही, हरभरा घाट्यावर आला की पुन्हा डुक्कर. शेवटी एका तरुणाने खिशातून मोबाइल काढला आणि परदेशातल्या शिकारीची रायफल दाखवली. एका वेळी एकच गोळी बसणारी, वर दुर्बीण, दोनशे मीटरवर अचूक नेम. तो म्हणाला, "साहेब, ही घेतली तर काम होईल का?"

आम्ही शेतीची पदवी घेतलेली माणसे. बोंडअळीच्या किती अळ्या दिसल्या की फवारायचे, हे आम्हाला महाविद्यालयात शिकवले. पण एका रात्रीत एकरभर ज्वारी लोळवणाऱ्या जनावरावर पुस्तकात पानभरही मजकूर नव्हता. म्हणून त्या तरुणाचा प्रश्न आम्ही हसण्यावारी नेला नाही. औषध निवडताना कीड, वेळ, मात्रा आणि शेजारचे पीक पाहतो, बंदूकही तशीच पाहून घेऊ.

पहिल्यांदा त्या रायफलीबद्दल. एका गोळीच्या रायफलीचे कौतुक परदेशात उगीच नाही. अमेरिकेत 1967 साली रूगर कंपनीने 'नंबर वन' नावाची अशी रायफल काढली, तीही पाच-सहा गोळ्यांच्या रायफली सर्रास मिळत असताना. तिच्यामागचा विचार साधा आहे. हातात एकच गोळी आहे हे माहीत असलेला माणूस घाई करत नाही. जनावर नीट दिसेपर्यंत, आडवे उभे राहीपर्यंत तो थांबतो. हा विचार आम्हाला पटतो. पण तो विचार घ्यावा, रायफल घेऊ नये, असे आमचे मत आहे.

कारण असे. रायफलीच्या नळीत आतून पिळाच्या खाचा असतात. त्यांनी गोळी फिरत जाते, म्हणून लांब आणि सरळ जाते. आपल्याकडे परवान्यावर मिळणारी पॉइंट तीनशे पंधराची रायफल घ्या. तिची चुकलेली गोळी दोन किलोमीटरच्या पलीकडेही जाऊ शकते. परदेशी शिकारी डोंगराच्या उतारावर नेम धरतो, गोळी मातीत जिरते. आपले वावर सपाट. धुऱ्याच्या पलीकडे दुसऱ्याचे वावर, त्यात त्याचीही जागल चालू, पुढे रस्ता, पुढे गाव. रात्रीच्या अंधारात पऱ्हाटीतून काय हलले हे दुर्बीणही सांगत नाही. डुक्कर वाचले तरी चालेल, शेजारचा माणूस वाचला पाहिजे.

मग सरकार आपल्याला काय देते? 1959 च्या शस्त्र कायद्याचे कलम 13 पाहा. खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक मागितली तर परवाना द्यावा, असे कायदा म्हणतो. ठासणीची, म्हणजे आपली भरमार. तोंडातून दारू भरा, चिंधी ठासा, गोळी घाला. दवाने दारू सादळली की बार फुसका. फुटला तरी दुसरा भरेपर्यंत डुक्कर पुढच्या गावी. आणि अर्धवट लागलेले डुक्कर सकाळी कापूस वेचायला आलेल्या बाईच्या अंगावर जाते. देश उपग्रह सोडतो आणि आमच्या राखणीला आजोबांच्या काळचे हत्यार.

पण त्याच कलमाला एक परंतुक जोडलेले आहे, ते फार थोड्यांना माहीत आहे. ठासणीची बंदूक पुरेशी नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली, तर किमान वीस इंच नळीची दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक पीकसंरक्षणासाठी देता येते. म्हणजे एकनळी बाराबोर, मागून काडतूस भरायची. आमची शिफारस हीच. अर्जात नुसते 'पीकसंरक्षणासाठी' लिहून थांबू नका. भरमार का पुरत नाही ते लिहा, पिकाचे नाव, नुकसानीच्या तारखा आणि झालेले पंचनामे जोडा.

एकनळीच का? तिच्यातही एकच बार आहे, म्हणजे थांबण्याची सवय तीच लावते. नळी मोडून खांद्यावर टाकली की रिकामी आहे हे दहा माणसांना लांबून दिसते. कळ बिघडण्यासारखी फारशी नाही. आपल्या खडकीच्या कारखान्यात बनणारे एल.जी. छऱ्याचे काडतूस पस्तीस-चाळीस पावलांवर काम करते, त्यापुढे त्याच्यावर भरवसा ठेवू नये. मचाणावरून खाली जमिनीकडे बार करावा, म्हणजे छर्रा मातीत जातो. घरी काडतूस एका कुलपात, बंदूक दुसऱ्या कुलपात. दारू पिऊन जागलीला जाणाऱ्याच्या हाती बंदूक देऊ नये, मग तो सख्खा भाऊ का असेना.

आता शीर्षकाकडे येतो. बंदूक हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न असा की जनावर कोणाचे?

कलेक्टरचा परवाना म्हणजे बंदूक बाळगण्याचा परवाना. डुक्कर मारण्याची परवानगी वेगळी. ती 1972 च्या वन्यजीव कायद्याच्या कलम 11 खाली वनखात्याकडून लेखी घ्यावी लागते. ती न घेता बार केला तर आरोपी तुम्ही. आणि परवानगीने मारलेल्या जनावराचे मांसही तुमचे नाही. कलम 39 प्रमाणे ते राज्य सरकारच्या मालकीचे. ठीक आहे. मेलेले डुक्कर सरकारचे, तर जिवंत असताना ते कोणाचे होते? माझा बैल शेजाऱ्याच्या वावरात शिरला तर भरपाई मला द्यावी लागते. सरकारची गुरे आमच्या ज्वारीवर चरतात आणि भरपाईसाठी आम्ही चकरा मारतो. मालकी सरकारची आणि चराई आमची, हा न्याय आम्हाला मान्य नाही.

काही भाऊ या वैतागातून कुंपणात वीज सोडतात. त्यांना हात जोडून सांगतो, हे बंद करा. 2017 च्या एप्रिलमध्ये जय वाघाचा बछडा श्रीनिवास नागभीडच्या बाजूला अशाच तारेने मेला. वाघाची बातमी झाली. पण त्याच तारेला पहाटे ओलितावर जाणारा माणूसही चिकटतो. आणि वाघ तर आपला बिनपगारी जागल्या आहे, डुक्कर हे त्याचे खाद्य. त्यालाच मारून डुकरांचे रान मोकळे करणे म्हणजे मित्रकिडी मारून बोंडअळी पोसणे.

बंदुकीने सगळे मिटेल असेही आम्ही म्हणत नाही. डुकरीण एका वेताला चार-सहा पिल्ले देते. एक मारले की कळप आठ दिवस दुसऱ्या शिवारात जातो आणि परत येतो. सलग शिवाराचे सामाईक कुंपण आणि पाळीपाळीची जागल यांना बंदुकीची जोड, असाच हिशेब बसतो. एकट्याची बंदूक फक्त शेजाऱ्याकडे डुक्कर हाकते.

म्हणून जिल्हा बैठकीपुढे आमच्या चार मागण्या ठेवतो.

एक, भरमारीची अट पुसून टाका, पीकसंरक्षणासाठी एकनळी बाराबोर हक्काने द्या.

दोन, मारण्याची परवानगी गावात मिळू द्या. केरळ सरकारने 2022 साली पंचायतीच्या प्रमुखांना रानडुकराबाबत हा अधिकार दिला. आमच्या सरपंचाला द्यायला काय हरकत आहे? मात्र गावात नोंदवही असावी. कोणी, कुठे, कधी बार केला ते ग्रामसभेत वाचून दाखवावे.

तीन, निवडणूक लागली की पीकसंरक्षणाच्या बंदुका सरसकट ठाण्यात जमा करू नका. 2024 च्या विधानसभेचे मतदान 20 नोव्हेंबरला झाले, ऐन वेचणीच्या दिवसांत. डुक्कर आचारसंहिता पाळत नाही.

चार, नुकसानभरपाई ही मदत म्हणून नको, मालकाचे देणे म्हणून हवी. ठरलेल्या मुदतीत, उशीर झाला तर व्याजासह.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकाने आपल्या गेल्या हंगामाच्या नुकसानीचा कागद आणावा. तारीख, पीक, क्षेत्र आणि जागलीच्या रात्री. त्या तरुणालाही आम्ही हेच सांगितले. मोबाइल ठेव बाबा, वही काढ. एकच बार आहे, तो नेम धरून टाकायचा आहे.