निकुंभ सर अर्धेच आठवतात

२००७ सालचा ‘तारे जमीन पर’ मंडळातल्या बहुतेकांनी पाहिला आहे. निकुंभ सरांचे कौतुक अजून चालते. पण सरांनाही ईशानसारखाच डिस्लेक्सिया होता, हे आम्ही विचारले तेव्हा कोणालाच आठवेना. चित्रपटात ते स्वतःच ईशानला तसे सांगतात! हातात कुबडी असती तर विसरलो असतो का?

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकारांत अशी अध्ययन अक्षमताही धरली. आम्ही बँकवाले मात्र स्लिपवर आकडे उलटसुलट लिहिणाऱ्या खातेदाराला, “शिकलेले दिसता, मग?” असे सुनावत आलो. तो बिचारा खाली मान घालून दुसरी स्लिप मागे. हल्ली आम्ही मुकाट्याने भरून देतो. प्रमाणपत्र विचारत नाही.