पैसे कुठून आले? कुठूनच नाही!



या सदराकडे येणाऱ्या पत्रांत एक तक्रार अगदी ठरलेली. ‘कामवाली बाई न सांगता खाडा करते, काय करावं?’ या आठवड्यातही अशी तीन पत्रे आहेत. त्यांचे उत्तर देईनच, पण आधी एका गावाची हकीकत ऐका. तिथल्या कामवाल्या बायकांनी एके दिवशी बसने येणेच बंद केले. एक-दोन दिवस नव्हे, तब्बल ३८१ दिवस!

हे गाव म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या अलाबामा राज्यातले माँटगोमेरी. साल १९५५. गोऱ्यांच्या घरचा स्वयंपाक, धुणे, इस्त्री, पोरंबाळं सांभाळणं, सगळे कृष्णवर्णीय बायकांच्या अंगावर. दिवसभर गोऱ्याचे मूल मांडीवर घेऊन भरवायचे आणि संध्याकाळी बसमध्ये गोऱ्या माणसाच्या शेजारी मात्र बसायचे नाही. पुढच्या दहा जागा गोऱ्यांच्या, त्या रिकाम्या असल्या तरी मागे उभे राहायचे. पुष्कळदा तर पुढच्या दाराने चढून पैसे टाकायचे, पुन्हा खाली उतरायचे आणि मागच्या दाराने आत यायचे. ती बाई मागच्या दाराशी पोहोचेपर्यंत ड्रायव्हर खुशाल बस घेऊन निघून जाई. पैसे गेले ते गेलेच. गंमत म्हणजे बसमधले चारातले तीन उतारू कृष्णवर्णीयच होते. कंपनी चालायची ती त्यांच्याच नाण्यांवर.

१ डिसेंबर १९५५ रोजी रोझा पार्क्स या बेचाळीस वर्षांच्या बाईने जागा सोडायला नकार दिला आणि तिला अटक झाली, हे आपल्या मुलांच्या पुस्तकांतही असते. पण तिथे ती ‘दमलेली शिवणकाम करणारी बाई’ एवढीच दिसते. अहो, दमलेली कसली! कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या गावातल्या शाखेची ती कित्येक वर्षांची चिटणीस होती. तिच्याही आधी नऊ महिने, क्लॉडेट कोल्व्हिन नावाच्या पंधरा वर्षांच्या शाळकरी मुलीने हेच केले होते. तिला पोलिसांनी ओढून नेले. पण पुढाऱ्यांनी तिला पुढे केले नाही. वय लहान, वस्ती गरिबांची, आणि पुढे तिला लग्नाआधीच दिवस गेले. ‘चांगल्या घरची’ दिसणारी बाईच हवी, हा हिशेब तिथेही होताच, बरं का.

अटकेच्या रात्री जो अ‍ॅन रॉबिन्सन ही कॉलेजातली प्राध्यापिका घरी झोपली नाही. बायकांच्या एका मंडळाची ती अध्यक्ष. बसमधल्या वागणुकीबद्दल तिने दीड वर्षापूर्वीच महापौरांना पत्र धाडले होते. कॉलेजच्या सायक्लोस्टाइल यंत्रावर तिने एक सहकारी आणि दोन विद्यार्थी हाताशी घेऊन रातोरात हजारो पत्रके काढली: सोमवारी बसमध्ये बसू नका. सोमवार, ५ डिसेंबरला बस जवळजवळ रिकाम्या धावल्या.

पण मला आज सांगायचंय ते जॉर्जिया गिलमोरबद्दल. ही आपल्या जातकुळीची, म्हणजे स्वयंपाकघरातली. एका खाणावळीत आचारीण, सहा लेकरांची आई, शिवाय सुईणपणही करायची. अंगाने धिप्पाड आणि तोंडाने फटकळ. पैसे घेऊन निघून गेलेल्या बसचा अनुभव तिलाही ऑक्टोबरात आला होता, आणि ‘पुन्हा बसमध्ये पाय ठेवणार नाही’ असे तिने बहिष्काराच्या आधीच ठरवले होते.

आता बहिष्कार म्हटला की पैसा लागतो. लोकांना कामावर पोहोचवण्यासाठी शेकडो मोटारी रोज ठरल्या ठिकाणांहून धावत होत्या. पेट्रोल, टायर, दुरुस्ती, सगळे रोखीचे. आणि ज्या बायका पायी चालत होत्या त्यांनी उघड वर्गणी दिली तर मालकीण दुसऱ्या दिवशी कामावरून काढणार. मग जॉर्जियाने काय केलं? चार बायका जमवल्या, कोंबडीचं सामान आणलं, तळलेल्या चिकनची सँडविचेस केली आणि सभेच्या ठिकाणी विकली. मग केक आले, पाय आले. कुणी आपल्या घरी भाजायचे, कुणी ब्युटी पार्लरात, कुणी लाँड्रीत नेऊन विकायचे. गोरी गिऱ्हाइकेही घ्यायची. बिचाऱ्यांना माहीतही नसेल की आपल्या पैशांनी कुणाच्या गाडीत पेट्रोल पडतंय! कोण करतं, कोण विकतं, हे फक्त जॉर्जियाला ठाऊक. मंडळाचे नाव काय ठेवले माहिती आहे? ‘कुठूनच नाही क्लब’. पैसे कुठून आले असे कुणी विचारले तर उत्तर तयार, कुठूनच नाही!

सोमवारच्या सभेत ती मध्यल्या वाटेने पुढे जाऊन चिल्लर आणि नोटा ओतायची, रक्कम जाहीर व्हायची, टाळ्या पडायच्या. ते पाहून गावाच्या दुसऱ्या भागातल्या आयनेझ रिक्स हिने आपला वेगळा क्लब काढला. मग काय, दर सोमवारी जास्त कोण आणतंय याची चढाओढ! भोंडल्याच्या खिरापतीत आपल्यात लागते ना, तशीच.

मार्च १९५६मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्यावर खटला झाला, तेव्हा जॉर्जियाने कोर्टात उभे राहून बसचा तो प्रसंग सांगितला. नोकरी गेली. किंग यांनी तिला घरूनच जेवण करून विकायला सुचवले, थोडी मदतही केली. मग तिच्या जेवणघरात मजुरापासून पुढाऱ्यापर्यंत आणि काळ्यापासून गोऱ्यापर्यंत सगळे एका टेबलाला बसून जेवू लागले.

या साऱ्यात मला फार हसू आले ते गोऱ्या गृहिणींचे. बहिष्कार असला तरी त्यांचे स्वयंपाक कोण करणार? तेव्हा नवऱ्याच्या चोरून त्या स्वतःच मोटारीने कामवालीला आणायला-सोडायला जात. महापौरांनी जाहीर सांगितले, हे बंद करा. त्यावर काही बायकांनी सुनावले, मग महापौरांनीच येऊन आमचं धुणं आणि पोरं सांभाळावीत! आणि गाडीत दोघीही नाटक करीत. मालकीण म्हणायची, माझी बाई काही त्या भानगडीत नाही. बाई म्हणायची, मी आपली कटकट नको म्हणून बसने येत नाही. दोघींना सगळं कळत होतं.

हसता हसता मला मात्र आमच्या मोरीच्या खिडकीतला कानतुटका कप आठवला. सासरी धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशींचा तो. चहा त्यांना त्याच कपातून, आणि तो त्यांनीच विसळून पुन्हा तिथे ठेवायचा. घरातले प्रत्येक भांडे त्यांच्याच हातांनी घासलेले, पण चहा मात्र त्यातल्या एकाही भांड्यातून नाही! बारा वर्षे मी तो कप पाहिला. सासूबाईंना विचारायचा धीर झाला नाही, असं मी सांगत असे. खरं तर मला विचारावंसंच वाटलं नव्हतं. ‘तिकडची गोष्ट वेगळी, इकडची वेगळी’ असं तुमच्यातल्या कुणाला वाटत असेल, तर महात्मा फुल्यांनी १८७३ साली आपलं ‘गुलामगिरी’ हे पुस्तक कुणाला अर्पण केलं ते पाहा. अमेरिकेत गुलामांच्या मुक्ततेसाठी झटलेल्या लोकांना.

माँटगोमेरीचा निकाल लागला तो कोर्टात, आणि त्या दाव्यातल्या चारही फिर्यादी बायकाच होत्या. ती पंधरा वर्षांची क्लॉडेटही त्यांत होती. नोव्हेंबर १९५६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बसमधला भेद बेकायदा ठरवला आणि २१ डिसेंबरपासून लोक हव्या त्या जागी बसू लागले. क्लॉडेटवरचा जुना ठपका मात्र नोंदीतून पुसला गेला तो २०२१ साली, ती बयाऐंशी वर्षांची झाल्यावर.

जॉर्जिया गेली मार्च १९९०मध्ये. सेल्मा ते माँटगोमेरी पदयात्रेला तेव्हा पंचवीस वर्षे होत होती आणि येणाऱ्या माणसांसाठी ती चिकन आणि मॅकरोनी-चीज करीत होती. तेच जेवण मग तिच्या शेवटच्या दर्शनाला आलेल्यांना वाढले गेले.

खाड्याच्या पत्रांचे उत्तर पुढच्या अंकात. तोवर पत्र पाठवणाऱ्या तिघींनी एवढे कळवावे की, तुमच्या बाईंना महिन्यातून पगारी सुट्ट्या किती?