खेळगप्पा : पंचांच्या खुर्चीत बसलो आणि...



आमच्या त्र्यंबकेश्वरला बर्फ दोनच ठिकाणी दिसतो. एक रसवंतीतल्या पेटीत, भुशात गुंडाळलेला. आणि दुसरा, कधी चैत्र-वैशाखात वळवाबरोबर गारा पडल्याच तर अंगणात. त्यावर घसरायचं कोणाच्या मनातही येत नाही. तरीसुद्धा बर्फावरच्या फिगर स्केटिंगचा मी जुना शौकीन आहे. टीव्हीवर स्पर्धा लागली की मी जागचा हलत नाही. घरचे हसतात. म्हणतात, "ओल्या फरशीवर धड चालता येत नाही आणि बघायचं काय, तर हे!" हसू देत.

पण या खेळात एक गोम आहे. शंभर मीटर धावताना जो फीत आधी तोडेल तो पहिला. तिथे वाद नाही. स्केटिंगमध्ये मात्र फीत नसते, गोल नसतो. खेळाडू उड्या मारतो, गिरक्या घेतो आणि मग हात जोडल्यासारखा बाकावर बसून आकड्यांची वाट बघतो. आकडे देणारी माणसंच. म्हणून इथे जितकं रडू आणि जितकी भांडणं होतात, तितकी क्वचितच दुसरीकडे होत असतील.

यातलं सगळ्यांत मोठं भांडण झालं ते फेब्रुवारी २००२ मध्ये, अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये. जोड्यांची स्पर्धा होती. रशियाची येलेना बेरेझ्नाया आणि अंतोन सिखारुलिद्झे ही एक जोडी, कॅनडाची जेमी साले आणि डेव्हिड पेल्टिए ही दुसरी. रशियाच्या अंतोनचा एका उडीनंतर उतरताना पाय जरा डळमळला. कॅनडाच्या जोडीकडून काही चूक दिसली नाही. प्रेक्षक उभे राहून ओरडत होते. पंच नऊ. त्यांतल्या पाच जणांनी रशियाला वर धरलं आणि चौघांनी कॅनडाला. सुवर्णपदक रशियाला!

मग फुटलं बिंग. त्या पाचांतल्या फ्रान्सच्या पंचबाई मारी-रेन ल गून म्हणाल्या, माझ्यावर आमच्याच संघटनेचा दबाव होता. पुढे त्यांनी हे बोलणं फिरवलं. पण चौकशी झाली, त्या बाईंवर आणि त्यांच्या संघटनेच्या अध्यक्षांवर तीन वर्षांची बंदी आली. कॅनडाच्या जोडीलाही सुवर्णपदक दिलं गेलं आणि रशियाचं काढून घेतलं नाही. एका स्पर्धेत दोन सुवर्णं! मी तेव्हा अगदी पेटलो होतो. भेटेल त्याला सांगायचो, "पंच विकले गेलेले असतात हो सगळे!"

हे मी किती सहज बोलत होतो, ते मला पुढे कळलं. त्याचीच गोष्ट आज सांगायची आहे.

आपल्याकडे बर्फ नसला तरी असाच आकड्यांवर चालणारा एक अस्सल मराठी खेळ आहे. मल्लखांब! नाशिक जिल्हा म्हणजे तर त्याचं माहेर म्हणायला हरकत नाही. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या पदरी बाळंभट्ट दादा देवधर होते. पेशव्यांच्या दरबारात परक्या पहिलवानांनी आव्हान दिलं, तेव्हा बाळंभट्टांनी वणीच्या सप्तशृंगीला जाऊन अनुष्ठान केलं आणि तिथे त्यांना मारुतीरायानं खांबावरची विद्या दाखवली, असं सांगतात. आणि मारुतीरायाचा जन्म कुठला? तर आमच्याकडे मानतात, त्र्यंबक रस्त्यावरच्या अंजनेरीचा. तेव्हा आम्ही त्र्यंबककर मल्लखांबावर जरा जास्तच हक्क सांगतो.

मी लहानपणी एरंडेल चोळलेल्या खांबावर अढी मारायला शिकलो होतो. फार पुढे गेलो नाही. अंगाला तेल जास्त लागलं, विद्या कमी. तेवढ्या भांडवलावर काही वर्षांपूर्वी मला एका शाळेच्या स्पर्धेत पंच म्हणून बोलावलं. मुलींचा दोरीचा मल्लखांब होता. आम्ही चौघे पंच. प्रत्येकानं दहापैकी गुण द्यायचे, सगळ्यांत जास्त आणि सगळ्यांत कमी आकडा सोडून द्यायचा, उरलेल्या दोघांची सरासरी काढायची. असाच नियम अनेक खेळांत असतो. एखादा पंच वेडावाकडा वागला तरी त्याचा आकडा आपोआप गळून पडावा, हा हेतू.

त्या स्पर्धेत आमच्याच आळीतली एक पाचवीतली मुलगी होती. रोज सकाळी तिला शाळेत जाताना बघतो. तिनं दोरी पायाच्या अंगठ्याच्या बेचक्यात धरली आणि सरसर वर गेली. वर दोरीवर पद्मासन घातलं, हात सोडले. दोरीला कुठे गाठ मारलेली नसते बरं का, नुसत्या आवळून धरण्यावर सगळं! उतरताना पाऊल किंचित सरकलं, एवढंच. माझ्या मनातला आकडा होता ८.६.

कागदावर मी लिहिले ८.१.

का? कारण समोर आमच्या आळीतली निम्मी माणसं बसली होती. मला वाटलं, लोक म्हणतील, आपल्या आळीची म्हणून दिले. आपण कसे निःपक्षपाती, हे मला दाखवायचं होतं.

बाकीच्या तिघांनी दिले होते ८.६, ८.५ आणि ८.४. माझा ८.१ सगळ्यांत कमी म्हणून गळला, ८.६ सगळ्यांत जास्त म्हणून गळला. उरले ८.५ आणि ८.४. सरासरी ८.४५. दुसऱ्या एका मुलीला मिळाले ८.५०. आमची मुलगी दुसरी आली.

मी मनाची समजूत घातली, माझा आकडा तर धरलाच नाही! घरी येऊन वहीच्या मागच्या पानावर सहज मांडून बघितलं, आणि घशाला कोरड पडली. तुम्हीही मांडा. मी खरा आकडा, ८.६, दिला असता तर? ८.६, ८.६, ८.५, ८.४. त्यातला एक ८.६ गळला, ८.४ गळला. उरले ८.६ आणि ८.५. सरासरी ८.५५. म्हणजे पहिली!

गाळलेला आकडासुद्धा काम करून जातो, ते असं. मी ८.४ ला खालून वर ढकललं होतं, हिशेबात आणून बसवलं होतं. आणि मला कोणी पैसे दिले नव्हते की धमकी दिली नव्हती.

आईबाबा मंडळी, तुम्ही म्हणाल, पाचवीतल्या बक्षिसाचं एवढं काय? खरंय. पण मल्लखांब आता खेलो इंडियात आहे. वरच्या पातळीवर खेळलेल्या मुलांना दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण मिळतात. एक दशांशाची किंमत वाढत जाते.

सॉल्ट लेक सिटीच्या गोंधळानंतर स्केटिंगवाल्यांनी जुनी ६.० गुणांची पद्धत मोडीत काढली. २००४ पासून नवी आली. प्रत्येक उडीला, गिरकीला आधीच ठरलेली किंमत. उडी नक्की कोणती आणि पूर्ण फिरली का, हे वेगळी मंडळी चित्रफीत पुन्हा लावून तपासतात. पंच फक्त ती कशी झाली ते सांगतात. हे मला पटतं. मल्लखांबातही कसरतींना अवघडपणाप्रमाणे प्रती असतात, तेव्हा आपल्याला ही कल्पना परकी नाही.

पण त्याच वेळी त्यांनी दुसरी एक गोष्ट केली, ती मला मुळीच पटली नाही. कुठल्या पंचानं किती दिले, तेच झाकून टाकलं! म्हणे, नाव कळलं नाही तर दबाव येणार नाही. २०१६ पर्यंत हे झाकण राहिलं, मग काढलं. माझं ऐकाल तर, ज्याचा आकडा झाकलेला असतो त्याला स्वतःला वही मांडून बघायची गरजच राहत नाही. माझा ८.१ त्या दिवशी फळ्यावर माझ्या नावापुढे लिहिला असता, तर ती पोर सरळ येऊन विचारू शकली असती.

तसं तिनं विचारलंच. बक्षीस समारंभानंतर आली. "काका, माझं काय चुकलं?" मी म्हणालो, "पाऊल सरकलं ना जरा." तिनं मान हलवली आणि पुढे वर्षभर ती उतरण्याचाच सराव करत राहिली. तिच्या आईनं मला कौतुकानं सांगितलं. मी काय बोलणार!

यंदा ती आठवीत गेली. परवा संध्याकाळी ओट्यावर बसली होती, तेव्हा ती जुनी वही घेऊन गेलो आणि सगळं सांगितलं. तिनं पेन्सिल घेतली, बेरजा दोनदा केल्या. मग म्हणाली, "म्हणजे तेव्हा पाऊल ठीक होतं?"

"थोडंसंच सरकलं होतं गं."

"आणि मी वर्षभर उड्या मारत बसले!" असं म्हणून ती हसली. मग वही मिटून माझ्या हातात दिली आणि आत गेली. रागावली होती का, अजून मला कळलेलं नाही.

हनुमान जयंतीच्या स्पर्धेला मला परत बोलावणं आलंय. मी कळवलंय, येतो, पण ती उतरणार असेल त्या गटाला मी पंच नाही. घड्याळ धरतो, वेळ संपली की शिट्टी वाजवतो. आणि बाकीच्या गटांचे आकडे पंचांच्या नावासह फळ्यावर लिहा, एवढी विनंती केलीय. उत्तर यायचं आहे.

तुमचा,
खेळगप्पावाला काका