विश्लेषण : डावीकडे नवी स्क्रीन, उजवीकडे जुनी तबकडी... खासगी विमानांत सहवैमानिकाची उपकरणे का बदलायला हवीत?

खासगी विमानाचे नूतनीकरण निघाले की पैसा आधी कातडी आसनांवर जातो, मग वायफायवर आणि उरलाच तर कॉकपिटवर. कॉकपिटमध्येही तो बहुतेकदा डाव्या बाजूलाच थांबतो. कॅप्टनसमोर रंगीत स्क्रीन येतात आणि सहवैमानिकासमोर कारखान्यातून आलेल्या जुन्या गोल तबकड्या तशाच राहतात. ही काटकसर चुकीच्या जागी केलेली आहे. विमान २९ हजार फुटांच्या वर जाणार असेल तर ती धोक्याचीही आहे.

एक वैमानिक पुरेसा, मग दुसऱ्यासाठी खर्च कशाला?

मालकांचा हा युक्तिवाद अगदीच बिनबुडाचा नाही. ‘बीचक्राफ्ट किंग एअर २००’ हे दोन टर्बोप्रॉप इंजिनांचे विमान घ्या. उद्योजकांपासून आपल्याकडील राज्य सरकारांपर्यंत अनेकांनी ते वापरले आहे. प्रमाणपत्रानुसार ते एकटा वैमानिक उडवू शकतो. त्यामुळे उजवी बाजू म्हणजे जास्तीची सोय, असे गणित मांडले जाते. कित्येक जुन्या विमानांत उजवीकडचे क्षितिजदर्शक हवेच्या ओढीवर फिरणाऱ्या यांत्रिक भोवऱ्यावर चालते. भोवऱ्याचे बेअरिंग झिजत जाते, पण सावकाश. काटा किंचित तिरका राहू लागतो आणि सगळ्यांना त्याची सवय होते.

पण ढगात शिरल्यावर कॅप्टनची स्क्रीन काळी पडली तर विमान सावरायचे उजवीकडच्यानेच. त्याने तेव्हा मान वळवून डावीकडची उपकरणे वाचायची, ही कल्पना कागदावरच बरी. तिरक्या कोनातून काटा चुकीचा वाचला जातो. त्याहून वाईट म्हणजे वळणात असताना झटकन मान फिरवली की कानातील तोल सांभाळणारे द्रव फसवतात आणि विमान कलते आहे की सरळ, हेच कळेनासे होते.

२९ हजार फुटांवर काय बदलते?

पूर्वी या उंचीच्या वर दोन विमानांमध्ये २ हजार फुटांचे उभे अंतर राखले जाई. वाहतूक वाढली तसे २९ हजार ते ४१ हजार फुटांच्या पट्ट्यात ते १ हजार फुटांवर आणले गेले. उत्तर अटलांटिकवर १९९७ मध्ये, युरोपात २००२ मध्ये, भारतात २००३ च्या अखेरीस आणि अमेरिकेत २००५ मध्ये ही पद्धत आली. तिला आरव्हीएसएम म्हणतात.

अंतर आधी दुप्पट का होते, याचे उत्तर हवेत आहे. उंचीमापक खरे तर उंची मोजत नाही, हवेचा दाब मोजते. समुद्रसपाटीजवळ १ हेक्टोपास्कल दाबाची चूक म्हणजे सुमारे २७ फुटांची चूक. ४० हजार फुटांवर हवा इतकी विरळ असते की तेवढ्याच चुकीने उंची ११० फुटांच्या आसपास फसते. धावपट्टीवर बिनचूक वाटणारी तबकडी वर गेल्यावर निराळेच सांगू शकते.

म्हणून या पट्ट्यात येणाऱ्या विमानाकडे उंची मोजणाऱ्या दोन स्वतंत्र यंत्रणा हव्यात आणि प्रवासात त्यांच्यातील फरक २०० फुटांच्या आत हवा. दुसरी यंत्रणा म्हणजे व्यवहारात सहवैमानिकाची बाजू. ती या कसोटीला उतरत नसेल तर परवानगी नाही. किंग एअरची प्रमाणित कमाल उंची ३५ हजार फूट आहे, पण मग तिला २८ हजारांवर थांबावे लागते. खालच्या दाट हवेत इंधन जास्त जळते आणि ढगही तिथेच आडवे येतात. उजव्या बाजूवर वाचवलेले पैसे असे प्रत्येक उड्डाणात थोडेथोडे परत द्यावे लागतात.

फक्त तबकडी बदलून भागेल?

नाही. इथेच अनेक मालकांची फसगत होते. विमानाच्या अंगावरील बारीक छिद्रांतून बाहेरचा दाब नळीवाटे आत येतो. छिद्राभोवतीच्या पत्र्याला पोचा असेल किंवा रंगाचा जाड थर बसला असेल तरी वाचन बिघडते. शिवाय वेग बदलला की दाबही थोडा फसवा येतो. ही चूक वजा करण्याचे काम एअर डेटा कॉम्प्युटर करतो. जुन्या रचनेत तो बहुधा डावीकडेच असतो आणि उजवीकडची तबकडी नळीतून येईल ते जसेच्या तसे दाखवते. त्यामुळे बदलायची ती छिद्रापासून काट्यापर्यंतची सगळी वाट.

दोघांचे सांगणे वेगळे असेल तेव्हा...

६ फेब्रुवारी १९९६ रोजी डॉमिनिकन रिपब्लिकमधील प्वेर्तो प्लाता येथून ‘बर्गनएअर’चे बोईंग ७५७ उडाले. कॅप्टनचे वेगदर्शक खोटा, जास्त वेग दाखवत होते. सहवैमानिकाचे बरोबर होते. ऑटोपायलटला माहिती मिळत होती कॅप्टनच्या बाजूची. त्याने नाक वर उचलले, वेग घटत गेला आणि विमान समुद्रात कोसळले. १८९ जण गेले. वेग मोजणारी नळी बुजली होती आणि संशय कुंभारीण माशीच्या मातीच्या घरट्यावर होता. विमान त्याआधी काही आठवडे उभेच होते. (खासगी विमाने तर बहुतेक काळ उभीच असतात!)

मुंबईकरांना याहून जवळची आठवण आहे. १ जानेवारी १९७८ च्या रात्री सांताक्रूझहून दुबईला निघालेले एअर इंडियाचे ‘सम्राट अशोक’ हे जम्बो जेट वांद्र्यासमोर समुद्रात पडले, २१३ जणांसह. कॅप्टनसमोरचे क्षितिजदर्शक बिघडले होते. विमान सरळ असताना ते उजवीकडे कललेले दिसत होते, म्हणून कॅप्टन ते डावीकडे वळवत राहिला. फ्लाइट इंजिनीअरने तफावत दाखवून देण्याचा प्रयत्न केला, पण वेळ उरली नव्हती.

या दोन्ही विमानांत दुसरी उपकरणे होती, हे मान्यच करायला हवे. उपकरण बसवले म्हणजे माणूस ऐकेलच असे नाही. पण मोठ्या कंपनीतील सहवैमानिकाचे ऐकले गेले नाही, तर मालकाच्या विश्वासातल्या ज्येष्ठ कॅप्टनशेजारी बसलेल्या तरुण मुलाचे काय? ‘सर, तुमची उंची चुकतेय’ हे वाक्य तोंडातून निघायला त्याच्यासमोर शंका घेता येणार नाही असे उपकरण हवे. वर्षानुवर्षे तिरका राहिलेला काटा पाहून कोण बोलेल?

मग दोन्हीकडे सारखीच स्क्रीन बसवावी का?

दिसायला सारखी असावी. एकीकडे सरकती आकड्यांची पट्टी आणि दुसरीकडे काटे असले की तुलना करताना डोके शिणते. पण मूळ स्रोत मात्र वेगळे हवेत: वेगळी नळी, वेगळा संवेदक, वेगळा वीजपुरवठा. एकाच संवेदकाची माहिती दोन स्क्रीनवर दाखवली तर दोघे एकमताने चुकतील. स्रोत वेगळे असले की यंत्रणा दोन्ही वाचने सतत ताडून पाहते आणि फरक पडताच इशारा देते. उजवीकडे जुनी तबकडी असेल तर तिला ताडून पाहायला काहीच नसते. वीज गेली तरी भोवरा फिरतो, हा जुन्या वैमानिकांचा मुद्दा रास्त आहे. त्यासाठी स्वतःची बॅटरी असलेले तिसरे, राखीव उपकरण मधोमध ठेवता येते.

जुन्या तबकडीच्याच गोल खाचेत बसणारी डिजिटल उपकरणे आता मिळतात, त्यामुळे पूर्ण पॅनेल कापावे लागतेच असे नाही. मात्र त्या विमान प्रकारासाठी मंजूर झालेला बदलाचा आराखडा हवा आणि आपल्याकडे डीजीसीएची मान्यता हवी. आरव्हीएसएमच्या परवानगीनंतरही विमान उंची किती अचूक राखते याची ठरावीक मुदतीने तपासणी होत राहते.

दरपत्रकात उजव्या बाजूची ओळ बहुधा ‘ऐच्छिक’ या सदराखाली असते. डाव्या बाजूच्या कामासाठी पॅनेल उघडलेलेच असते, वायरिंग बाहेर असते, नळ्यांची गळती चाचणी तशीही करायची असते. तीच ओळ दोन वर्षांनी पुन्हा घेतली तर हे सगळे नव्याने उघडावे लागते आणि विमान पुन्हा काही आठवडे हँगरमध्ये अडकते.