प्रवास एक, तिकिटे तीन

निपाणीचा माणूस समुद्रापासून फार दूर राहतो, असा सर्वसाधारण समज आहे. तो तितकासा खरा नाही. देवगड-निपाणी या रस्त्याचे एक टोक आमच्या गावात आणि दुसरे समुद्रावर आहे. राधानगरी मागे टाकून फोंडाघाट उतरला की वाऱ्याचा वास पालटतो. बेळगावकरांचा असाच जुना संबंध वेंगुर्ल्याशी. आंबोलीच्या घाटाने या मुलखातला माल वेंगुर्ल्याच्या बंदरात जाई आणि मुंबईस निघालेली माणसे तेथून आगबोटीत चढत. पावसाळा लागला की आगबोटी बंद होत. ही गोष्ट सर्वांस ठाऊक असे, तिच्यावर कोणी रागावत नसे. लग्नकार्ये, बाळंतपणे आणि देण्याघेण्याच्या मुदती त्या बेतानेच ठरत.

प्रवास मध्येच अडणे आम्हा सीमेवरच्या मंडळींना त्यामुळे नवे नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूरजवळ पंचगंगेचे पाणी महामार्गावर आले आणि पुणे-बंगळूर रस्ता कित्येक दिवस बंद राहिला. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच झाले. करोनाच्या साथीत कोगनोळीच्या नाक्यावर तपासणीचा दाखला काढून दाखविल्यावाचून घरी येता येत नव्हते. फेब्रुवारी २०२५ मध्ये बेळगाव तालुक्यात एका बसवाहकास मारहाण झाली आणि त्यावरून उठलेल्या वादात दोन्ही राज्यांच्या गाड्या सीमेपर्यंतच धावू लागल्या. अशा वेळी आम्ही अलीकडे उतरतो, पिशवी उचलतो, पलीकडची गाडी धरतो. अडथळा डोळ्यांना दिसतो, त्याला वळसा घालता येतो, आणि अगदीच रात्र झाली तर कागलला किंवा संकेश्वरला कोणीतरी पाहुणा असतोच.

आज ज्या अडथळ्याविषयी लिहावयाचे आहे, तो असा दिसणारा नव्हता. डिसेंबर २०२५ मध्ये आम्ही उभयता अंदमानला गेलो होतो. आठ रात्रींचा बेत होता. तो पाच रात्रींतच आटोपला. समुद्र सारा वेळ शांत होता.

या प्रवासाची मूळ कल्पना सौ.ची. तिने निपाणीच्या मराठी शाळेत तीस वर्षे भूगोल शिकविला. किनाऱ्यालगतचे, किनाऱ्यापासून दूरचे आणि कंकणाकृती असे प्रवाळाचे तीन प्रकार तिने खडूने फळ्यावर किती वेळा काढले असतील याची गणती नाही. परंतु जिवंत प्रवाळ तिने कधी पाहिले नव्हते. निवृत्तीनंतर तिने सुवर्णालंकार वा साडी मागितली नाही, प्रवाळ मागितले. पाण्यात बुड्या मारण्याचे आमचे वय नाही. तेव्हा जेथे पायी चालत जाऊन प्रवाळ पाहता येईल अशी जागा तिने शोधून काढली. पूर्वी नील म्हणत त्या बेटास आता शहीद द्वीप असे नाव आहे. तेथे लक्ष्मणपूरच्या किनाऱ्यावर खडकाची एक नैसर्गिक कमान आहे. तेथे वसलेल्या बंगाली मंडळींनी कौतुकाने तिला हावडा पूल म्हटले. भर ओहोटीच्या वेळी कमानीच्या आसपासचे खडक उघडे पडतात आणि त्यांतील डबक्यांतून प्रवाळ, तारामासे व समुद्रकाकड्या गुडघाभर पाण्यात दिसतात. भरतीच्या वेळी गेल्यास नुसते पाणी.

मोठी ओहोटी अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास लागते, किंबहुना तिथीनंतरच्या एक-दोन दिवसांत ती सर्वांत खोल असते. मार्गशीर्ष पौर्णिमा ४ डिसेंबरला होती. म्हणून शहीद द्वीपावरचा मुक्काम ५ आणि ६ डिसेंबर असा तिने पंचांग समोर घेऊन ठरविला. घरात यावरून थोडे बोलणे झाले. त्या दिवशी दत्तजयंती. आमच्या घरातून कोणीतरी नरसोबावाडीला जाण्याचा प्रघात आहे. “दत्तजयंती टाकून समुद्रावर कसली जाता, भाऊजी?” असे वहिनींनी विचारलेच. पण शेवटी नरसोबावाडीला त्या स्वतः गेल्या आणि आम्ही बेटावर.

वहिनींचा उल्लेख ओघाने आला, तर पुढची गोष्टही सांगून टाकतो. आमचे थोरले बंधू तीन वर्षांपूर्वी वारले. त्यांच्या मुलीचा साखरपुडा १० डिसेंबरला सकाळी निपाणीत ठरलेला होता. पाटावर वडिलांच्या जागी आम्ही उभयतांनी बसावयाचे होते. पुतणीने तसे स्वतः येऊन सांगितले होते, “काका, काकू, तुम्हीच.” आम्ही ८ तारखेस रात्री घरी पोहोचणार होतो. मध्ये एक पूर्ण दिवस मोकळा.

बेत आखताना समुद्राचा विचार आम्ही पुरेपूर केला होता. डिसेंबर २०१६ मध्ये बंगालच्या उपसागरात वादळी हवा सुटून हॅवलॉक आणि नील या बेटांवर हजारावर पर्यटक अडकले होते, आणि त्यांना आणण्यासाठी नौदलास बित्रा, बंगाराम, कुंभीर ही जहाजे पाठवावी लागली होती. ते स्मरून शेवटची रात्र आम्ही मुद्दाम मोठ्या बेटावर, विमानतळाच्या गावी ठेवली होती. हे गाव म्हणजे जुने पोर्ट ब्लेअर, सप्टेंबर २०२४ पासूनचे श्री विजयपुरम. फेरीबोट एक दिवस उशिरा निघाली तरी विमान चुकू नये, एवढीच तजवीज.

पहिले दिवस सुखाचे गेले. सेल्युलर जेल पाहिले. सात पंखांपैकी आज तीनच उभे आहेत, आणि त्या कोठड्यांविषयी आम्ही येथे दोन ओळीत काही लिहिणे शोभणार नाही. २ तारखेस स्वराज द्वीपावर, म्हणजे पूर्वीच्या हॅवलॉकवर गेलो. तेथे सूर्य संध्याकाळी पाचच्या सुमारास मावळतो. घड्याळ आपल्याकडचे आणि आकाश पूर्वेकडचे, त्यामुळे चहाच्या वेळी दिवेलागण होते. राधानगरचा किनारा पाहिला. (आमच्या मुलखातल्या माणसास ते नाव ऐकून राधानगरीच आठवते, त्याला इलाज नाही.)

५ तारखेस शुक्रवारी सकाळी फेरीबोटीची वाट पाहत असता दूरध्वनीवर संदेश आला, की ८ तारखेचे बंगळूर-बेळगाव विमान रद्द झाले आहे. तासाभराने दुसरा संदेश: बेटावरून बंगळूरला नेणारे विमानही रद्द. त्या एका दिवसात देशभर हजारावर उड्डाणे रद्द झाली, हे पुढे वर्तमानपत्रांतून सर्वांस कळले आहे. कारण वैमानिकांच्या कामाच्या तासांविषयीचे नवे नियम. आठवड्याची विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर गेली होती, आणि १ नोव्हेंबरपासून रात्रीच्या वेळी विमान उतरविण्याची मर्यादा सहावरून दोनवर आली होती. हे नियम अचानक आले नव्हते. त्यांच्या तारखा आधीपासून ठरलेल्या होत्या. वैमानिकास पुरती झोप मिळावी याबद्दल आमची तक्रार असण्याचे कारण नाही. झोपाळलेल्या ड्रायव्हरच्या मागे बसून आंबोलीचा घाट उतरलेल्या माणसास हे पटवून द्यावे लागत नाही. पण माणसे किती लागतील याचा हिशेब वेळेवर न केल्याचा भुर्दंड प्रवाशावर पडावा, हे आम्हांस मान्य नाही.

त्याच आठवड्यात हुबळीतील एका स्वागतसमारंभास नवे जोडपेच पोहोचू शकले नाही. त्यांच्या खुर्च्यांवर वडीलधारी मंडळी बसली आणि वधूवरांनी भुवनेश्वरहून पडद्यावरून पाहुण्यांचे अभिवादन स्वीकारले. वृत्त ऐकून लोक हसले. आम्हांस हसू आले नाही. आमच्या डोळ्यांपुढे १० तारखेचा पाट होता.

धक्क्यावर उभे राहूनच निर्णय करावा लागला. शहीद द्वीपाची बोट साडेअकराला, मागे जाणारी बोट दुपारी. सौ. काही वेळ बोलली नाही. मग तिने विचारले, “अहो, पोरीच्या मागे पाटावर दुसरे कोण आहे?” आणि मागे जाणाऱ्या बोटीच्या रांगेत ती आमच्या आधी जाऊन उभी राहिली.

पुढची हकिगत थोडक्यात. दुसऱ्या एका कंपनीच्या विमानात ६ तारखेस चेन्नईपर्यंतच्या दोन जागा मिळाल्या, प्रत्येकी एकवीस हजार रुपयांना. दुसऱ्याच दिवशी सरकारने भाड्यास मर्यादा घातली: ५०० किलोमीटरपर्यंत ७,५०० रुपये, हजारपर्यंत १२,०००, दीड हजारपर्यंत १५,००० आणि त्यापुढे १८,०००. आमचे अंतर दीड हजारांच्या आतले. पण आमचे पैसे आदल्या दिवशी गेलेले. चेन्नईहून रात्रीच्या गाडीने बंगळूर. रेल्वेने त्या दिवसांत ३७ गाड्यांना ११६ जादा डबे जोडले होते, त्यांपैकी एखाद्यात आम्ही असू. बंगळूरहून राणी चन्नम्मा भरलेली, ऑगस्टपासून सुरू झालेली वंदे भारतही भरलेली. अखेर रात्रीची बस. सोमवारी, ८ तारखेस सकाळी हलग्याजवळ गाडी बराच वेळ थांबली, कारण सुवर्णसौधात विधिमंडळाचे अधिवेशन त्याच दिवशी सुरू होत होते आणि रस्त्यावर पोलिसांचा बंदोबस्त होता. निपाणीला पोहोचलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. मूळ बेताप्रमाणे आम्ही त्याच रात्री नऊला पोहोचणार होतो. बेटावरचे तीन दिवस देऊन आम्ही सात तास मिळविले.

तरीही निर्णय योग्यच होता, असे आम्ही म्हणतो. स्वराज द्वीपावर भेटलेले एक दांपत्य विमान पुन्हा सुरू होण्याची वाट पाहत थांबले. ते घरी पोहोचले १० तारखेच्या रात्री.

आता वाचकांच्या उपयोगाची गोष्ट. निपाणी किंवा बेळगावचा माणूस दूरच्या बेटावर जातो तेव्हा तो आपल्या मनाने एकच प्रवास करतो. कायद्याच्या दृष्टीने मात्र तो तीन-चार वेगळाले प्रवास करीत असतो. सांबऱ्याहून बंगळूर हे एक तिकीट, बंगळूरहून बेट हे दुसरे, फेरीबोट तिसरे, हॉटेल आणखी निराळे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांप्रमाणे विमान रद्द झाल्यास कंपनीने दुसऱ्या विमानात जागा द्यावी किंवा पैसे परत करावेत. निवड प्रवाशाने करावयाची असते. उड्डाणास चोवीस तासांहून कमी वेळ असताना कळविले, तर त्याखेरीज भरपाईही द्यावी लागते: उड्डाण एका तासापर्यंतचे असल्यास ५,००० रुपये, दोन तासांपर्यंत ७,५००, त्याहून लांबचे असल्यास १०,०००, किंवा मूळ भाडे व इंधन आकार मिळून होणारी रक्कम, यांपैकी जे कमी असेल ते. वादळ, दंगल अशा कंपनीच्या हाताबाहेरच्या कारणांसाठी ही भरपाई मिळत नाही. आम्हांस तीन दिवस आधी कळविले होते. म्हणून तिकिटाचे पैसे तेवढे परत आले.

नियमात एक शब्दप्रयोग आहे, त्याकडे मोठ्या शहरातल्या प्रवाशाचे लक्ष जाण्याचे कारण नाही. पहिल्या विमानामुळे पुढचे विमान चुकले तर भरपाई आहे. पण दोन्ही उड्डाणे एकाच तिकीट क्रमांकावर असतील तरच. मुंबईचा वा चेन्नईचा माणूस थेट विमानात बसतो, त्याला सांधा नाही. आमच्यासारख्यांच्या प्रवासात सगळे सांधेच. दोन कंपन्यांची दोन तिकिटे असली, की पहिलीमुळे दुसरे विमान चुकल्यास दुसरी कंपनी तुम्हांस वेळेवर न आलेला प्रवासी समजते. तेव्हा जोडतिकीट मिळत असेल तर थोडे अधिक भाडे पडले तरी तेच घ्यावे. मिळत नसेल तर बंगळूरला एक रात्र मध्ये ठेवावी, आणि ती जातानाही ठेवावी, येतानाही.

रेल्वेने ही गोष्ट ओळखली आहे. १ एप्रिल २०१९ पासून दोन गाड्यांची आरक्षणे एकमेकांस जोडून घेता येतात, आणि पहिली गाडी उशिरा आल्यामुळे दुसरी चुकली, तर दुसरीच्या तिकिटाचे पैसे रद्द करण्याचा आकार न कापता परत मिळतात. मिरजेच्या फलाटावर एका रुळावरून उतरून दुसऱ्या रुळावरच्या गाडीत सामान चढविलेल्या पिढीस याचे मोल कळेल. विमान कंपन्यांनी आपसांत असे काही करावयास हरकत कोणती, हे कोणी आम्हांस समजावून सांगितलेले नाही.

साखरपुडा यथासांग पार पडला. शहीद द्वीपावरच्या हॉटेलने दोन रात्रींचे पैसे परत करण्यास नकार दिला. मात्र वर्षभरात केव्हाही येऊन राहावे, असे पत्र पाठविले. ते पत्र सौ.ने भूगोलाच्या जुन्या नकाशासंग्रहात ठेवले आहे. वहिनींकडे लग्नाच्या तारखेची चर्चा चालू झाली, तेव्हा तिने पंचांग मागून घेतले. भटजी मुहूर्त काढीत होते आणि ती शेजारी बसून पौर्णिमा-अमावास्यांवर पेन्सिलीने खुणा करीत होती.