दिवे वरच्या मजल्यावर

बेळगावचे मार्केट सुधारते आहे की बिघडते आहे, असा प्रश्न हल्ली चारचौघांत हमखास निघतो. कोणी रस्त्याकडे बोट दाखवतो, कोणी पार्किंगकडे, तर कोणी नव्या काचेच्या शोरूमकडे. माझे माप थोडे निराळे आहे. रात्री नऊनंतर, शटर ओढली गेल्यावर, गणपत गल्ली, मारुती गल्ली, खडेबाजार या भागातून एक फेरी मारावी आणि मान वर करून पाहावे. दुकानांच्या वरच्या मजल्यावर किती खिडक्यांत दिवा आहे? जिथे दिवा आहे तिथे कोणी जेवते आहे, कोणी अभ्यास करते आहे. जिथे अंधार आहे तिथे बहुधा मालाची खोकी रचलेली आहेत.

खाली दुकान आणि वर घर, ही आपल्या पेठांची जुनी रचना. त्यात सोय होती. दुकानदार जेवायला वर जाई, दुपारी घरची बाई गल्ल्यावर बसे, आजोबांची नजर रस्त्यावर असे. या वस्तीतूनच बाकीचे सारे उभे राहिले. १८४८ साली स्थापन झालेले सार्वजनिक वाचनालय बाजारपेठेच्या आसऱ्याने वाढले, कारण संध्याकाळी पायी येणारे वाचक जवळच राहत होते. विसाव्या शतकाच्या आरंभी लोकमान्य टिळकांच्या प्रेरणेने झेंडा चौकात सार्वजनिक गणपती बसू लागला. तोही गल्लीत राहणाऱ्यांच्या जिवावर. शिवजयंतीच्या चित्ररथांची मिरवणूक आजही रात्रभर याच भागातून जाते. मात्र चित्ररथ ओढणारी पुष्कळशी मुले आता उपनगरांतून येतात आणि पहाटे तिकडेच परततात.

लोक का गेले, याचे उत्तर एका वाक्यात सांगता येत नाही. नव्या पिढीला गाडी लावायला जागा हवी, घराला स्वतंत्र न्हाणीघर हवे. वाडवडिलांच्या घरावर सात-आठ वारसांची नावे; त्यातला एक पुण्याला, एक बेंगळुरूला, एक परदेशात. सगळ्यांच्या सह्या जमेपर्यंत छपराचे वासे कुजतात. मग सोपा मार्ग म्हणजे माडी गोदामाला देणे. खोकी पाणी मागत नाहीत, जिना मोडला म्हणून तक्रार करत नाहीत. शिवाय व्यापारही सरकत गेला. २०१९ मध्ये कॅन्टोन्मेंट भागातील घाऊक भाजी बाजार एपीएमसी यार्डात गेला. बाजार हलला की त्याच्याबरोबर हमाल, चहावाला, पोती शिवणारा असे सगळेच हलतात. आता तर साडीपासून साबणापर्यंत सारे मोबाईलवरून घरी येते.

मग सुधारणा झाल्या नाहीत का? झाल्या. जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटीसाठी देशातील पहिली वीस शहरे निवडली गेली, त्यात बेळगाव होते. ३१ मार्च २०२५ रोजी ती योजना संपली. शहरात काही रस्ते, दिवे, उद्याने झाली आणि ती हवीच होती. पण रस्ता हे साधन आहे. त्यावरून कोणी, कशासाठी चालायचे, हे फरशी बसवून ठरत नाही.

इतर शहरांचा अनुभव पाहण्यासारखा आहे. बेंगळुरूची चर्च स्ट्रीट २०१८ मध्ये दगडी फरशीची होऊन खुली झाली. नोव्हेंबर २०२० पासून काही महिने शनिवार-रविवारी तिथे वाहने बंद ठेवून पाहिली गेली. लोक आनंदाने चालले, पण प्रयोग संपला आणि गाड्या परत आल्या. दिल्लीत लाल किल्ला ते फतेहपुरी हा चांदनी चौकाचा सुमारे सव्वा किलोमीटरचा रस्ता नव्याने बांधून २०२१ मध्ये खुला केला. तिथे सकाळी नऊ ते रात्री नऊ मोटारींना बंदी घातली. मालाच्या गाड्या कधी याव्यात, म्हाताऱ्या माणसाने घरापर्यंत कसे पोचावे, आत शिरणाऱ्या दुचाकीला कोणी अडवावे, हे प्रश्न तेथेही रोजचेच. थोडक्यात, काम उद्घाटनाच्या दिवशी संपत नाही, त्या दिवशी ते सुरू होते.

मी अर्थशास्त्र शिकवते, म्हणून हिशेबाची गोष्ट सांगते. आमच्या सासरचे जुने घर याच भागात आहे. खाली गाळा, वर माडी. सासूबाई गेल्यावर माडी रिकामी झाली आणि एका व्यापाऱ्याने ती गोदामासाठी मागितली. भाडे चांगले देत होता. घरात बैठक बसली, आवाज चढले. शेवटी आम्ही न्हाणीघर बांधले, विजेच्या वायरी बदलल्या आणि एका नोकरदार जोडप्याला जागा दिली, पुष्कळ कमी भाड्यात. मोठे दीर दर महिन्याला फरकाचा आकडा ऐकवतात आणि तो आकडा चुकीचा नाही. पण गेल्या पावसाळ्यात पन्हळ तुंबली, ती त्या जोडप्याने पाहिली म्हणून मागची भिंत वाचली. खोक्यांनी कोणाला सांगितले असते?

याहून मोठा हिशेब मात्र पैशांत मांडता येत नाही. माझे माहेर मराठी, सासर कन्नड. लग्नानंतर सासूबाईंनी मला पुस्तकातून कन्नड शिकवले नाही. पिशवी हातात देऊन बाजारात नेले. कडोली, कंग्राळी, सांबऱ्याकडून बुट्ट्या घेऊन येणाऱ्या बायकांपुढे उभे केले आणि म्हणाल्या, आता तू बोल. ‘एष्टरी?’ आणि ‘कडिमी माड्री’ हे माझे पहिले दोन धडे. बुट्टीवाल्या मावशी मला कन्नड बोलताना ऐकून हसत आणि उत्तर मुद्दाम मराठीत देत. एकाच दुकानात एका गिऱ्हाइकाला ‘या वहिनी’ आणि पाठोपाठच्या दुसरीला ‘बर्री अक्का’ म्हणणारा दुकानदार आपल्या मुलांनी पाहिला, म्हणून त्यांना दोन भाषा म्हणजे दोन बाजू वाटल्या नाहीत. मॉलमध्ये यंत्र वस्तूवर लाल उजेड टाकते आणि रक्कम दाखवते. तिथे कोणतीच भाषा लागत नाही, म्हणून कोणतीच शिकताही येत नाही. पाटी कोणत्या भाषेत असावी यावर आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते. पाटीखाली बसलेला माणूस दोन्ही भाषा बोलतो आणि त्याचा मुलगा दुकान बंद करायच्या विचारात आहे, यावर कोणी बोलत नाही.

करण्यासारखे पुष्कळ आहे आणि त्यातले बरेच खर्चाचे नाही. ज्यांची जुनी घरे आहेत त्यांनी भावंडे एकत्र येतात त्या सणाला वाटणीचे आणि खात्यावरच्या नावाचे कागद पुरे करावेत. भांडण नसलेल्या घरातही कागद अर्धवट असतात. शक्य असेल तिथे माडीवर माणसे ठेवावीत. महापालिकेने बाजारात बायकांसाठी स्वच्छ स्वच्छतागृह आणि म्हाताऱ्यांना टेकायला चार बाक द्यावेत. गावाकडून येणारी बाई दिवसभर पाणी न पिता बसते, ही शोभेची गोष्ट नाही. मालाच्या गाड्यांची वेळ पहाटेची ठरवावी आणि पाळावी. २०१४ च्या फेरीवाला कायद्यानुसार नगर विक्रेता समितीत किमान चाळीस टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले असावे लागतात, त्यांत एक तृतीयांश स्त्रिया. हातगाडीवाल्यांची जागा ठरवताना त्यांना आधी विचारावे. एका रात्रीत उठवलेली हातगाडी चार दिवसांनी दुसऱ्या कोपऱ्यावर उभी राहते, हे आपण पाहतोच.

आणि आपण गिऱ्हाइकांनी? आठवड्यातून एक दिवस गाडी बाहेर लावून मुलांना घेऊन मार्केटात पायी जावे. भाजी, वही, चपला, कुंदा, काय लागेल ते तिथे घ्यावे. भाव मुलांना विचारू द्यावा, एका दुकानात मराठीत, पुढच्या दुकानात कन्नडमध्ये. चुकतील, दुकानदार दुरुस्त करतील. त्या दुकानदाराचा धंदा टिकला तर तो वरच्या माडीची कौले शाकारील आणि कदाचित तिथे राहीलही.